ख्रिस्तसभा कोणाची आणि कोणासाठी?
कार्डिनल व्हॅलेरियन ग्रेशस यांचे जीवनकार्य

मुंबईत ‘पोर्तुगीज चर्च’ या नावाने ओळखली जाणारी दोन ठिकाणे आहेत. एक गिरगावात, खोताच्या वाडीजवळचे संत तेरेजा चर्च. दुसरे दादरचे, तारणाऱ्या मातेचे, म्हणजेच साल्वेशन चर्च. बसचा वाहक, टॅक्सीवाला, भाजीवाला, सारे जण याच नावाने पत्ता सांगतात. पोर्तुगीजांचे मुंबईवरील राज्य संपून साडेतीनशे वर्षे उलटली, तरी नाव टिकून राहिले आहे. हे नाव घेण्यात कोणाचाही वाईट हेतू नसतो. परंतु एक जुना प्रश्न त्यात दडलेला आहे: या देशातील ख्रिस्तसभा नेमकी कोणाची? बांधणाऱ्यांची, चालविणाऱ्यांची, की तिच्या छायेत स्नानसंस्कार घेऊन वाढलेल्यांची?

मुंबईच्या ज्या सुपुत्राच्या जीवनात या प्रश्नाला उत्तर मिळाले, ते म्हणजे भारताचे पहिले कार्डिनल व्हॅलेरियन ग्रेशस. ११ सप्टेंबर १९७८ रोजी ते प्रभूच्या घरी गेले. आपल्या तरुण पिढीला त्यांचे नाव शाळेच्या किंवा रुग्णालयाच्या पाटीवरूनच ठाऊक असते. काहींचा तर सन २००६ ते २०२५ या काळात मुंबईचे आर्चबिशप असलेल्या कार्डिनल ऑस्वाल्ड ग्रेशस यांच्याशी गोंधळ होतो. म्हणून या थोर मेंढपाळाच्या जीवनाची ओळख वाचकांस करून द्यावी, असे आम्हांस वाटते.

वाटली गेलेली ख्रिस्तसभा

त्यांचे कार्य समजण्यासाठी आधी मुंबईच्या ख्रिस्तसभेचा भूतकाळ थोडक्यात पाहिला पाहिजे. सोळाव्या शतकात पोर्तुगीज फ्रान्सिस्कन धर्मगुरूंनी या बेटांवर सुवार्तेचे बीज पेरले. दादरचे साल्वेशन चर्च १५९६ साली स्थापन झाले. पोपमहोदयांनी पोर्तुगालच्या राजाला पूर्वेकडील ख्रिस्तसभेच्या संरक्षणाचे व बिशपांची नावे सुचविण्याचे अधिकार दिले होते. या व्यवस्थेला ‘पाद्रोआदो’ म्हणतात. १६६१च्या विवाहकराराने मुंबई इंग्लंडच्या राजाकडे गेली. पोर्तुगीज धर्मगुरूंच्या निष्ठेबद्दल संशय आल्याने इंग्रजांनी १७२० साली त्यांना मुंबईतून घालवून दिले आणि त्यांच्या जागी रोमच्या विश्वासप्रसार मंडळाच्या, म्हणजे ‘प्रोपगांडा’च्या अधिकाराखालील कार्मेलाईट धर्मगुरूंना आणले.

येथून दुहीला सुरुवात झाली. पुढे पाद्रोआदोच्या धर्मगुरूंना पुन्हा प्रवेश मिळाला, आणि अठराव्या शतकाच्या अखेरीस बेटावरील चर्चेस दोन अधिकारांमध्ये वाटण्यात आली. माझगावचे ग्लोरिया व दादरचे साल्वेशन गोव्याच्या आर्चबिशपांकडे गेले; काव्हेलचे एस्पेरांसा व माहीमचे संत मायकल प्रोपगांडाच्या विकार अपोस्तोलिकांकडे राहिले. एकच श्रद्धा, एकच मिस्सा, एकच पोप, परंतु शेजारशेजारच्या दोन चर्चचे वरिष्ठ मात्र निराळे! तंटे झाले, न्यायालयाच्या पायऱ्या चढाव्या लागल्या. १८५३ साली तर माहीमच्या संत मायकल चर्चच्या ताब्यावरून वाद इतका विकोपाला गेला की बिशप हार्टमन यांना चर्चमध्येच कोंडून घ्यावे लागले आणि बाहेर विरोधकांचा वेढा पडला.

या भांडणात भाविकांनी कोणता धर्मसिद्धांत पणाला लावला होता? कोणताच नाही. प्रश्न होता तो चर्चच्या किल्ल्या कोणाकडे असाव्यात, हा. ख्रिस्तसभा ही मालमत्ता आहे असे मानले की तिचे वाटे पडतात, हा धडा आपल्या पूर्वजांना फार महाग पडला.

१८८६ साली मुंबईचा महाधर्मप्रांत स्थापन झाला, तरी दुहेरी अधिकार संपला नाही. १९२८ साली रोम व पोर्तुगाल यांच्यात करार झाला. त्यानुसार दमणच्या धर्मप्रांताचा काही भाग मुंबईला जोडण्यात आला व मुंबईच्या गादीवर आळीपाळीने एक पोर्तुगीज व एक ब्रिटिश आर्चबिशप यावा असे ठरले. फूट सांधली गेली, ही मोठीच कृपा होती. परंतु ज्यांची ही भूमी, त्या भारतीयांचा या आळीपाळीत कोठेच क्रमांक नव्हता.

कराचीहून कुलाब्याला

व्हॅलेरियन ग्रेशस यांचा जन्म २३ ऑक्टोबर १९०० रोजी कराची येथे एका गोवेकर कुटुंबात झाला. वडिलांचे छत्र अगदी बालपणीच हरपले आणि आई कार्लोता यांनी त्यांना वाढविले. कराचीच्या सेंट पॅट्रिक शाळेतील शिक्षण आटोपून ते मंगळूरच्या सेंट जोसेफ सेमिनरीत आणि पुढे श्रीलंकेतील कँडी येथील पेपल सेमिनरीत गेले. ३ ऑक्टोबर १९२६ रोजी त्यांना गुरुदीक्षा मिळाली. काही काळ वांद्रे येथे धर्मग्रामाची सेवा केल्यावर १९२७ ते १९२९ या काळात त्यांनी रोमच्या ग्रेगोरियन विद्यापीठात अध्ययन केले.

परत आल्यावर ते १९२८च्या करारानंतरचे पहिले, म्हणजे पोर्तुगीज, आर्चबिशप जोकिम लिमा यांचे सचिव झाले. महाधर्मप्रांताच्या कारभाराची सूत्रे त्यांच्या हातांखालून जाऊ लागली. दुहीच्या जखमा अजून ओल्या होत्या. कोणत्या धर्मग्रामात कोणती जुनी तक्रार धुमसते आहे, कोणता भाविक कोणत्या चर्चमध्ये पाऊल ठेवीत नाही, हे सारे त्यांनी जवळून पाहिले. प्रभावी वक्ते म्हणून त्यांची ख्याती झाली. ‘एक्झामिनर’ या साप्ताहिकाचे संपादनही त्यांनी केले. डिसेंबर १९४१मध्ये कुलाब्याच्या होली नेम चर्चचे ते पहिले भारतीय प्रमुख झाले.

एका इंग्रज मेंढपाळाचा त्याग

लिमा यांच्यानंतर आळीप्रमाणे ब्रिटिश आर्चबिशप आले. ते होते लिव्हरपूलहून आलेले येशूसंघीय थॉमस रॉबर्ट्स. १९३७ साली ते मुंबईत आले आणि अल्पावधीत त्यांच्या ध्यानात आले की या शहराच्या ख्रिस्तसभेला आता भारतीय मेंढपाळ हवा. परंतु करार आड येत होता. तेव्हा त्यांनी जे केले ते ख्रिस्तसभेच्या इतिहासात विरळच म्हणावे लागेल. त्यांनी साहाय्यक बिशप मागून घेतला. २९ जून १९४६ रोजी, संत पेत्र व संत पौल यांच्या सणादिवशी, त्यांनी स्वहस्ते व्हॅलेरियन ग्रेशस यांना बिशपपदाची दीक्षा दिली. त्यानंतर ते बहुतांश काळ मुंबईबाहेर राहिले, जेणेकरून कारभार भारतीय हातांत स्थिरावावा. चार वर्षे अधिकृत आर्चबिशप एक आणि प्रत्यक्ष धुरा दुसऱ्याच्या खांद्यावर, अशी स्थिती होती.

त्याच चार वर्षांत देश स्वतंत्र झाला, फाळणी झाली. ग्रेशस यांची जन्मभूमी कराची परक्या देशात गेली. १९५० साली पोर्तुगालने मुंबईबाबतचा आपला हक्क सोडला. रॉबर्ट्स यांनी पदत्याग केला आणि ४ डिसेंबर १९५० रोजी व्हॅलेरियन ग्रेशस मुंबईचे पहिले भारतीय आर्चबिशप झाले.

खुर्ची सोडून दिल्याने रॉबर्ट्स यांचे ख्रिस्तसभेशी असलेले नाते कमी झाले काय? उलट, ती आपली मालमत्ता नसून प्रभूची आहे, हे त्यांनी आपल्या कृतीने दाखवून दिले. आपल्या धर्मग्रामांतील समित्या, संघटना, गायकवृंद यांत वर्षानुवर्षे एकाच जागी बसून राहिलेल्या आपल्यासारख्यांनी या प्रसंगाचे मनन करावे, असे आम्ही नम्रपणे सुचवितो.

भारतीय आणि कॅथलिक

१२ जानेवारी १९५३ रोजी पोप पायस बारावे यांनी आर्चबिशप ग्रेशस यांना कार्डिनलपद बहाल केले. तो मान लाभलेले ते पहिले भारतीय होत. पुढे १९५८ व १९६३ साली नव्या पोपमहोदयांच्या निवडीत त्यांनी मत दिले. मुंबईच्या वाड्या-वस्त्यांत राहणाऱ्या सामान्य ख्रिस्ती माणसाला त्यामुळे एक नवा आत्मविश्वास लाभला. रोम आता केवळ आज्ञा येण्याचे ठिकाण राहिले नाही. तेथे आपलाही एक आवाज होता.

तो काळ सोपा नव्हता. ख्रिस्ती लोक परकीयांचे अनुयायी आहेत, असा आरोप वारंवार होत असे. मध्य प्रदेशात नेमलेल्या नियोगी समितीचा अहवाल १९५६ साली प्रसिद्ध झाला आणि मिशनकार्याविषयी कडवट चर्चा झाली. गोव्याचा प्रश्न पेटलेला होता. गोवेकर कुळात जन्मलेल्या कार्डिनलांकडे तर दोन्ही बाजूंनी संशयाने पाहिले जाणे साहजिक होते. भारतीय बिशप परिषदेचे अध्यक्ष या नात्याने त्यांनी जी भूमिका सातत्याने मांडली, तिचा आशय साधा होता: माणूस संपूर्ण भारतीय आणि संपूर्ण कॅथलिक असू शकतो, एका निष्ठेसाठी दुसरीतून काही कापून द्यावे लागत नाही. संविधानाने दिलेले धर्मस्वातंत्र्य हे त्यांच्या दृष्टीने याचनेचे नव्हे, तर हक्काचे होते. मात्र त्या हक्काबरोबर देशाची सेवा करण्याचे कर्तव्यही येते, याची ते जाणीव देत. १९६६ साली भारत सरकारने त्यांना ‘पद्मविभूषण’ देऊन गौरविले.

ओव्हल मैदानावरील पवित्र मिस्सा

त्यांच्या कारकिर्दीतील सर्वांत तेजस्वी पर्व म्हणजे १९६४ सालचे अडतिसावे आंतरराष्ट्रीय युखरिस्त अधिवेशन. २१ नोव्हेंबर १९६४ रोजी रोममध्ये द्वितीय व्हॅटिकन परिषदेने ख्रिस्तसभेविषयीचा आपला मूलभूत दस्तऐवज घोषित केला. ख्रिस्तसभा म्हणजे देवाची प्रजा. बिशप, धर्मगुरू, व्रतस्थ व प्रापंचिक हे सारे स्नानसंस्काराने समान प्रतिष्ठेचे. आणि या प्रजेचे प्रयोजन म्हणजे देवाशी व एकमेकांशी मानवजातीचे ऐक्य घडविण्याचे चिन्ह व साधन होणे, ही त्यातील मध्यवर्ती शिकवण. त्यानंतर एका आठवड्यातच, २८ नोव्हेंबरला, मुंबईचे अधिवेशन सुरू झाले. जणू काही कागदावरील शाई वाळण्यापूर्वीच ती शिकवण कृतीत उतरविण्याची पाळी मुंबईवर आली!

२ डिसेंबरला पोप पॉल सहावे मुंबईस आले. भारतभूमीवर पाऊल ठेवणारे ते पहिले पोप होत. त्यापूर्वी काही संघटनांनी या भेटीस विरोध केला होता. सामुदायिक धर्मांतर होईल अशी भीती पसरविण्यात आली होती. प्रत्यक्षात मुंबईकरांनी, सर्व धर्मांच्या लोकांनी, विमानतळापासून रस्त्याच्या दुतर्फा अलोट गर्दी करून या पाहुण्याचे स्वागत केले. पोपमहोदयांनी हात जोडून नमस्कार केला आणि मुंबईचे मन जिंकले.

३ डिसेंबरला, संत फ्रान्सिस झेवियर यांच्या सणादिवशी, ओव्हल मैदानावर पोपमहोदयांनी जगाच्या निरनिराळ्या भागांतील सहा बिशपांना दीक्षा दिली. अन्य धर्मांच्या प्रतिनिधींना ते भेटले, तेव्हा त्यांनी उपनिषदातील प्रार्थनेचा आदराने उल्लेख केला. अनाथ मुलांची त्यांनी विचारपूस केली. ४ डिसेंबरला पत्रकारांसमोर त्यांनी जगातील राष्ट्रांना आवाहन केले की शस्त्रास्त्रांवरील खर्चाचा काही भाग तरी गरिबांसाठी जागतिक निधीकडे वळवावा. निघताना त्यांनी आपल्या वापरातील मोटार मदर तेरेजा यांना दिली. मदरांनी तिची सोडत काढून येणारा पैसा कुष्ठरोग्यांच्या सेवेस लावला. १९६७ साली राष्ट्रांच्या विकासावर पोपमहोदयांनी जे परिपत्र लिहिले, त्यात त्यांनी आपल्या भारतभेटीचा उल्लेख केला आहे.

यजमान या नात्याने कार्डिनल ग्रेशस यांनी हे सारे घडवून आणले. ख्रिस्तशरीराभोवती जमलेला समुदाय आपल्यातच रमून न जाता भुकेल्यांकडे वळतो, हे मुंबईने पाहिले. ‘ख्रिस्तसभा कोणाची?’ हा दोन शतकांचा प्रश्न मागे पडून ‘ख्रिस्तसभा कोणासाठी?’ हा प्रश्न पुढे आला. आमच्या मते कार्डिनलांच्या जीवनाचे सार यातच आहे.

अखेरची वर्षे

परिषदेनंतरची वर्षे कसोटीची होती. लॅटिनऐवजी लोकभाषेत मिस्सा होऊ लागली, वेदी भाविकांच्या सन्मुख आली, प्रापंचिकांना वाचनाचे व विचारविनिमयाचे स्थान मिळू लागले. १९६९ साली बंगळूर येथे ‘आजची भारतीय ख्रिस्तसभा’ या विषयावर अखिल भारतीय परिसंवाद झाला; त्यात बिशपांसोबत धर्मगुरू, व्रतस्थ व प्रापंचिक एकत्र बसले. जुन्या शिस्तीत वाढलेल्या कार्डिनलांना हे सारे बदल सहज पचले असतील असे नाही. ते अधिकाराचा मान राखणारे, इंग्रजी वक्तृत्वात रमणारे, आपल्या पिढीचे धर्माधिकारी होते. मुंबईतील मराठी भाषिक कॅथलिकांना उपासनेत आपल्या भाषेचे पुरेसे स्थान मिळण्यास विलंब लागला, हेही प्रांजळपणे नोंदविले पाहिजे. परंतु परिषदेने दाखविलेला मार्ग त्यांनी नाकारला नाही. आयुष्याच्या उत्तरार्धात, सवयी पक्क्या झालेल्या असताना, आज्ञाधारकतेने नवे शिकणे ही लहान गोष्ट नव्हे.

याच काळात दादरचे जुने साल्वेशन चर्च जाऊन त्या जागी वास्तुविशारद चार्ल्स कोरिया यांच्या आराखड्यानुसार नवे चर्च उभे राहिले. १९७७ साली ते पूर्ण झाले. उंच मनोरे व लांबलचक दालन यांऐवजी तेथे अंगणे, मोकळ्या जागा आणि त्यांना जोडणारी, कवचासारख्या छतांची दालने आहेत. वाऱ्या-पावसाला, उजेडाला, येणाऱ्या-जाणाऱ्याला आत घेणारी ही वास्तू पाहिली की परिषदेची ‘देवाची प्रजा’ ही शिकवण वेगळी समजावून सांगावी लागत नाही. लोक अजूनही तिला पोर्तुगीज चर्च म्हणतात. पण तिच्यात पोर्तुगीज असे आता फारसे काही उरलेले नाही.

१९७७ साली बिशप सायमन पिमेंटा यांची उत्तराधिकारी साहाय्यक म्हणून नियुक्ती झाली. ऑगस्ट १९७८मध्ये पोप पॉल सहावे निवर्तले, तेव्हा कर्करोगाने जर्जर झालेले कार्डिनल ग्रेशस निवडणुकीसाठी रोमला जाऊ शकले नाहीत. ११ सप्टेंबरला त्यांनी देह ठेवला. कुलाब्याच्या होली नेम कॅथेड्रलमध्ये त्यांना चिरविश्रांती देण्यात आली. मरोळच्या मातीतले आर्चबिशप पिमेंटा त्यांच्या जागी आले, तेव्हा भारतीय आर्चबिशप ही बातमी राहिली नव्हती; ती सहज गोष्ट झाली होती. वसईजवळ बंगली येथील कार्डिनल ग्रेशस रुग्णालय आजही त्यांच्या नावाने रुग्णसेवा करीत आहे.

आपले सदस्यत्व

प्रिय वाचकहो, कार्डिनलांच्या जीवनाकडे पाहताना आपल्या आजच्या धर्मग्रामांचा विचार मनात आल्याशिवाय राहत नाही. धोबीतलाव, काव्हेल, माझगाव येथे एके काळी गोवेकर खलाशांचे ‘कूड’ गजबजलेले असत. तेथे गावच्या माणसाला गावच्या नावावर जागा मिळे. संध्याकाळी सारे मिळून रोझरी म्हणत. परक्या शहरात त्यांनी हजारोंना आधार दिला. परंतु कूड आणि धर्मग्राम यांत भेद आहे. कुडात प्रवेश गावामुळे मिळतो. धर्मग्रामात तो स्नानसंस्कारामुळे मिळतो. ज्याचे गाव कोणते हे आपण विचारीत नाही, त्यालाही तेथे आपल्या शेजारी बसण्याचा तितकाच हक्क असतो.

आज परळ, लालबाग, दादर, भायखळा येथील चर्चेसमध्ये ईस्ट इंडियन आहेत, गोवेकर आहेत, मंगळूरकर, तमिळ, मल्याळी आहेत, अहमदनगर-जालन्याकडून कामासाठी आलेली मराठी कुटुंबे आहेत. गिरण्या गेल्या, चाळींच्या जागी टोलेजंग इमारती आल्या. जुनी कुटुंबे वसई-विरारकडे, कल्याणकडे गेली. मागे राहिलेल्यांत कधी कधी हळू आवाजात तोच जुना प्रश्न ऐकू येतो: हे चर्च मूळचे कोणाचे? मराठी मिस्सा कोणत्या वेळेला, सणाच्या मिरवणुकीत पुढे कोण, समितीत कोणाची माणसे अधिक, यांवरून मने दुखावतात. घरकाम करणारी एखादी भगिनी मागच्या बाकावर येऊन बसते, मिस्सा संपताच निघून जाते. वर्षभरात तिचे नाव कोणी विचारलेले नसते. तिची नोंद कदाचित धर्मग्रामाच्या वहीतही नसेल. पण ती ख्रिस्तसभेची सदस्य नाही, असे कोण म्हणू शकेल?

ख्रिस्तसभेचे सदस्यत्व ही वारसाहक्काने आलेली जागा नसून पाचारण आहे. ज्या दिवशी आपल्या मस्तकावर पाणी ओतले गेले, त्या दिवशी आपण एका कुटुंबाचे झालो आणि त्याच क्षणी त्या कुटुंबाबाहेरच्या भुकेल्या, एकाकी, दुःखी माणसाचेही ऋणी झालो. दोनशे वर्षे आपल्या पूर्वजांनी किल्ल्यांसाठी भांडण केले. एका इंग्रज मेंढपाळाने किल्ल्या सोडून दिल्या, एका भारतीय मेंढपाळाने त्या घेऊन दार उघडले. ते दार उघडे ठेवण्याची जबाबदारी आता आपणा सर्वांची आहे.

येत्या रविवारी पवित्र मिस्सेनंतर, आपल्या मागच्या बाकावरील अनोळखी व्यक्तीस तिचे नाव विचारूया. कार्डिनल व्हॅलेरियन ग्रेशस यांच्या आत्म्यास प्रभू सार्वकालिक शांती देवो, आणि त्यांनी जिच्यासाठी आयुष्य वेचले ती मुंबईची ख्रिस्तसभा सर्वांना आपले घर वाटो, हीच प्रभुचरणी प्रार्थना.